दोन शब्दांचा शेवटचा सीन

"बाबा, तुम्ही आजवर कधी कुणाला ‘माझं चुकलं’ असं म्हणालायत का?"

हा प्रश्न माझा नव्हे. म्हणजे तोंड माझं होतं, पण पैज मैत्रिणींची होती. मधल्या सुट्टीत डबे संपले की आमच्या बाकावर एक खेळ चालतो. प्रत्येकीने घरी जाऊन असा एक प्रश्न विचारायचा, जो त्या घरात आजवर कुणी विचारलेला नाही. कॅप्टन (ही बास्केटबॉलच्या संघाची कर्णधार, आणि संघ आसपास नसतानाही कर्णधारच) आपल्या आजोबांना विचारून आली होती, की तुम्हाला आजी खरंच आवडायची का. त्यानंतर आजोबा बरेच दिवस गच्चीतच बसत होते. रेडिओने तिच्या आईला विचारलं, की मी झाले तेव्हा तुला मुलगा हवा होता का. उत्तर तिने सांगितलं नाही, पण त्यानंतर आठवडाभर ती डब्यात केक आणत होती. रेडिओ झोपेतही बोलते असं तिची ताई शपथेवर सांगते. त्यामुळे तिने एखादी गोष्ट न सांगणं म्हणजे प्रकरण गंभीरच.

माझ्या वाट्याला हा प्रश्न आला. गेल्या वर्षीची मी असते तर पैज हरून मोकळी झाले असते. गेल्या वर्षी मी हजेरीला "हजर" इतक्या हळू म्हणायचे, की बाईंनी एकदा मला लागोपाठ आठवडाभर गैरहजर मांडून घरी चिठ्ठी पाठवली होती. पण यंदा वक्तृत्वाच्या स्टेजवर माझी बोबडी वळली, सगळे हसले, मीही हसले, आणि हसता हसता उरलेलं भाषण करून टाकलं. तेव्हा शोध लागला की आवाज नावाची वस्तू आपल्याकडेही आहे. नवी वस्तू हाती आली की माणूस ती सारखी वाजवून बघतो. मीही बघत होते.

बाबांनी घास चावला, गिळला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "तशी वेळच आली नाही."

इतकं प्रामाणिक उत्तर होतं ते! त्यात जराही चेष्टा नव्हती. बाबा पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार विभागाचे प्रमुख आहेत. लोक लिहितात, पाणी येत नाही, आलं तर गढूळ येतं, गढूळ आलं तर मध्यरात्री येतं. आणि बाबा खाली सुबक अक्षरात लिहितात, ‘तक्रारीत तथ्य आढळले नाही. प्रकरण निकाली.’ घरी याचीच छोटी आवृत्ती चालते: "विषय संपला."

आईचं बरोबर उलटं. ती कुरियर कंपनीच्या ग्राहक सेवेत फोनवर असते. कुणाचं पार्सल कुणीतरी तिसऱ्यानेच हरवायचं, चौथ्याने फोनवर आरडाओरडा करायचा, आणि माफी आईने मागायची. न केलेल्या चुकांची क्षमा मागणं हा तिचा पेशा आहे, आणि त्यात तिला दोनदा ‘महिन्याची सर्वोत्तम कर्मचारी’ म्हणून बिल्ला मिळालाय.

आता किल्ल्यांचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मागे एकदा बाबांच्या ऑफिसच्या कपाटाच्या किल्ल्या हरवल्या. आदल्या दिवशी घराची किल्ली मी वापरली होती, म्हणून याही किल्ल्या मीच हरवल्या असणार, असा बाबांनी निष्कर्ष काढला. चौकशी नाही, साक्षीपुरावा नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गाची सहल होती, समुद्रकिनाऱ्यावर. ती माझ्यापुरती रद्द. अख्खा वर्ग समुद्रात आणि मी पलंगाखाली बॅटरी घेऊन. त्यानंतर लाँड्रीवाला आला आणि बाबांच्या पँटच्या खिशातून निघालेला जुडगा आईच्या हातावर ठेवून गेला. मी बाबांकडे बघत राहिले. त्यांनी किल्ल्या खुळखुळवल्या आणि म्हणाले, "सापडल्या ना? विषय संपला."

समुद्र अजून तिथेच आहे, मला कल्पना आहे. पण मुद्दा समुद्राचा नाही.

तर "वेळच आली नाही" हे उत्तर मी बाकावर सांगितल्यावर रेडिओ इतकी हसली की तिला उचकी लागली. कॅप्टन मात्र हसली नाही. तिने फळ्यावरच्या सूचनेकडे बोट दाखवलं. शाळेत यंदा लघुपटांची स्पर्धा होती. विषय: ‘आमचं घर’. जे सिनेमे पूर्ण होतील ते सगळे शाळेच्या सभागृहात पालकांसमोर दाखवणार. कॅप्टन म्हणाली, "वेळ आली नाही ना? आणूया की मग."

पटकथा मी एका दमात लिहिली. एक बाप किल्ल्या हरवतो, मुलीवर आळ घेतो, तिला सहलीला जाऊ देत नाही. किल्ल्या त्याच्याच खिशात सापडतात. शेवटचा सीन: बाप मुलीच्या खोलीच्या दारात येतो आणि म्हणतो, "बाळा, माझं चुकलं." अंधार. टाळ्या. टाळ्या पटकथेत लिहायच्या नसतात असं नंतर कळलं.

बक्षीस वगैरे मला नको होतं. मला ते दोन शब्द ऐकायचे होते. एकदाच. खोटे खोटे का होईना.

मुलीचं काम मी करणार, दिग्दर्शनही माझंच. कॅमेरा कॅप्टनकडे, कारण तिचा हात हलत नाही. ध्वनी रेडिओकडे. हा माझा सर्वात धूर्त निर्णय होता: ध्वनी बघणाऱ्या माणसाला सीन चालू असताना गप्प बसावं लागतं. झाडूच्या दांड्याला रेकॉर्डर बांधून ती उभी राहायची आणि न बोलल्यामुळे हळूहळू लाल होत जायची. आईचं काम आईलाच दिलं. राहिला बाप.

लिफ्टमध्ये मी जाहिरात लावली: ‘पाहिजे, बाप. मध्यमवयीन. ओरडता येणे आवश्यक. माफी मागता येणे अत्यावश्यक.’

तासाभरात ती जाहिरात हातात घेऊन इमारतीचे सेक्रेटरीकाका दारात. लिफ्ट ही सामाईक जागा आहे. सामाईक जागेत कागद लावायला समितीची परवानगी लागते. चित्रीकरणाला वेगळी परवानगी लागते. आणि परवानगीचा अर्ज परवानगीशिवाय स्वीकारता येत नाही, कारण अर्जांची पेटी समितीच्या खोलीत आहे आणि समितीच्या खोलीची किल्ली...

"हरवलीय?" मी आशेने विचारलं.

"अध्यक्ष गावाला गेलेत," ते म्हणाले. मग घसा खाकरून हळूच, "वय किती हवंय या बापाचं?"

अशी आमची पहिली चाचणी झाली. सेक्रेटरीकाकांनी रागावण्याचा सीन झकास केला. त्यात स्वतःच्या मनाने पाण्याच्या टाकीबद्दल आणि जिन्यात ठेवलेल्या चपलांबद्दल चार वाक्यं घातली. पण शेवटच्या वाक्यावर अडले. म्हणाले, "वैयक्तिक पातळीवर मला हे मान्य आहे. पण सेक्रेटरी म्हणून मी असं बोललो तर उद्या लोक टाकीच्या गळतीवरही हेच बोलायला लावतील." जाताना मात्र परवानगी देऊन गेले. एकच अट: जिन्यातल्या सीनमध्ये ‘जिन्यात खेळू नये’ हा फलक स्पष्ट दिसला पाहिजे. आमच्या सिनेमात तो नायिकेपेक्षा जास्त वेळ दिसतो.

मग आले दातकाका. समोरच्याच घरात राहतात, खाली त्यांचा दातांचा दवाखाना आहे. गडद, मऊ, खोल आवाज. त्यांनी "बाळा, माझं चुकलं" असं म्हटलं आणि रेडिओच्या डोळ्यांत पाणी आलं. ओरडायला मात्र त्यांना जमेना. "कुठे ठेवल्यास किल्ल्या?" हे वाक्य ते असं म्हणत, जणू पुढे "आता जरासं टोचेल हं" येणार आहे. तरी मी त्यांना घेतलं. ओरडायला शिकवता येतं असं मला वाटलं. ओरडण्याच्या बाबतीत मी उत्तम शाळेत वाढले आहे.

तालीम आमच्या बाहेरच्या खोलीत. दातकाका बाबांच्या खुर्चीत बसले, बाबांचा जुना चष्मा लावला, बाबांचा पेपर उघडला. खरे बाबा आतल्या दारात चहाचा कप घेऊन उभे होते. या ‘पोरखेळाशी’ आपला काही संबंध नाही असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. ते नुसते बघत होते. आधी पायांकडे बघितलं, मग खुर्चीकडे, मग चष्म्याकडे.

"उठा," बाबा म्हणाले.

"मी?" दातकाका म्हणाले.

"हा बाप आहे की भूल देणारा माणूस? पेपर असा धरतात? बाप पेपर वाचत नसतो, बाप पेपरमागे बसलेला असतो! उठा, मी दाखवतो."

दातकाकांनी अगदी आनंदाने खुर्ची सोडली. (जबडा मोकळा झालेल्या पेशंटसारखे दिसत होते.) बाबा बसले. पेपर झटकला. खोलीत थंडी पसरली. कॅप्टन माझ्या कानात म्हणाली, "हाच. हाच घे." जणू काही मी त्यांना दुकानातून निवडत होते.

बाबांनी भूमिका स्वीकारली, पण अटींवर. कपडे स्वतःचे. खुर्ची स्वतःची. पटकथा आधी ‘तपासायला’ मिळावी. त्यांनी ती रात्री लाल पेनने तपासली. किल्ल्यांवरून त्यांना ही गोष्ट ओळखता आली नसेल असं नाही, पण त्याबद्दल अक्षर काढलं नाही. फक्त "घटना काल्पनिक असल्याची सूचना सुरुवातीला टाकावी" असं समासात लिहिलं. शेवटच्या पानावर लाल रेघ नव्हती. कोपऱ्यात बारीक अक्षरात होतं: ‘बघू’.

आता इथे मी जी चूक केली, ती चूक फक्त सिनेमावालेच करू शकतात. स्पर्धेआधी शाळेने घेतलेल्या कार्यशाळेच्या बाईंनी आम्हाला बजावलं होतं, की सिनेमा गोष्टीच्या क्रमाने काढायचा नसतो. सगळ्यात अवघड सीन आधी उरकून घ्यायचा. पण सगळ्यांनी मिळून पटकथा वाचायच्या दिवशी मी खाली दवाखान्यातून खुर्ची आणायला गेले होते, आणि माझ्या जागी रेडिओ उभी होती. मी वर आले तर रेडिओ धावत आली. "म्हणाले! तुझे बाबा म्हणाले! अगदी सहज. मला म्हणाले, ‘बाळा, माझं चुकलं.’ वर विचारलं, चहा घेणार का."

म्हणजे हा सीन सोपा आहे, असं मी ठरवून टाकलं. आणि तो सगळ्यात शेवटी ठेवला.

रागावण्याचा सीन पहिल्याच टेकमध्ये ओके. ओके कसला, कॅप्टनने "कट" म्हटल्यावरही बाबा थांबले नाहीत. "किल्ली म्हणजे काय हे कळतं का तुला? किल्ली म्हणजे जबाबदारी! घरात एक माणूस जबाबदार असून भागत नाही!" हे माझ्या पटकथेत नव्हतं. हे त्या खऱ्या दिवसाचं होतं, शब्दन् शब्द. माझ्या डोळ्यांतलं पाणीही पटकथेतलं नव्हतं, पण कॅप्टनने ते जवळून टिपलं आणि अंगठा दाखवला. तेवढ्यात बाहेर लिफ्टमधली बाई म्हणाली, "कृपया दार बंद करा." आमची लिफ्ट दर थोड्या वेळाने हे म्हणते, दार बंद असलं तरी. सिनेमात तिचं नाव आम्ही कलाकारांत घातलंय.

मग आला रविवार, आणि बाबा आम्हाला न सांगता केस कापून आले.

सिनेमा काढलेला नसेल त्याला यात काय एवढं असं वाटेल. आमच्या सिनेमात आता बाप किल्ल्या शोधायला आतल्या खोलीत जातो तेव्हा त्याच्या कानांवर केस आहेत, आणि लगेच बाहेर येतो तेव्हा नुसते कान आहेत. केवढे कान! कॅप्टन डोकं धरून बसली.

"रविवारी मी केस कापतो," बाबा म्हणाले. "ही माझी पद्धत आहे. तुमच्या पद्धती तुम्ही बघा."

इमारतीतला प्रत्येक जण सल्ला द्यायला हजर. सेक्रेटरीकाका म्हणाले, सिनेमात दाखवा की मधे बरेच दिवस गेले. म्हणजे बाप आतल्या खोलीत बरेच दिवस होता? वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकूंनी एक विग आणला. तो लावल्यावर बाबा कुणाच्या तरी विधवा आत्यासारखे दिसायला लागले. शेवटी आईने मफलर काढला आणि बाबांच्या कानांभोवती गुंडाळला. "बापाला सर्दी झालीय असं दाखवा. त्यात काय!" झालं. उरलेल्या सगळ्या सिनेमात बाप मफलरमध्ये आहे. बाबांना तो आवडला. का आवडला, ते लवकरच कळलं.

शेवटचा सीन. मी पलंगावर बसलेय, हातात पुस्तक. बाबा दारात. मफलर. कॅप्टनचा कॅमेरा तिपाईवर. रेडिओ लाल. दातकाका दारामागे, सदिच्छा द्यायला. क्लॅप म्हणून आम्ही भाजी चिरायची फळी आणि कालथा वापरत होतो. आईने तो वाजवला.

बाबा पुढे आले. माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "बाळा, तुझं चुकलं."

कट.

सगळे हसले, बाबाही हसले. होतं असं, सवय असते तोंडाला. पुन्हा. बाबा आले, बघितलं, "बाळा..." आणि खोकले. "घसा," म्हणाले, मफलरकडे बोट दाखवून. पाणी प्यायले. पुन्हा. "बाळा, मा..." पुन्हा पाणी. कॅप्टन म्हणाली, काका, दर वेळी ग्लासातलं पाणी कमी होतंय, ते दिसेल. आईने ग्लास भरला. बाबांनी तो पुन्हा रिकामा केला. पुन्हा. "बाळा, जे झालं ते झालं." पुन्हा. "बाळा, चूक कुणाकडूनही होते." पुन्हा. "बाळा, अभ्यास कसा चाललाय?"

"बाबा, हे काय?"

"बोलायच्या आधी माणूस चौकशी करणार नाही का? एकदम कसं येईल? मी त्या वाक्याकडे येतोय."

"कुठून येताय?"

दातकाका दारामागून पुढे झाले. दोन बोटांनी बाबांच्या गालाला हात लावला. "जबडा फार आवळलाय," ते म्हणाले. "जरा सैल सोडा. आ करा. मोठा आ." बाबांनी आ केला. ते तसे आ करून असतानाच मी म्हटलं, "आता म्हणा!" बाबांनी तोंड मिटलं.

मग ते पलंगावर माझ्या शेजारी बसले आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघ, मी या पात्राचा नीट विचार केलाय. या पात्राला हे वाक्य शोभत नाही. बाप असं तोंडाने बोलत नसतो. बाप येतो, डोक्यावरून हात फिरवतो, खिडकीपाशी जाऊन उभा राहतो. मागे बासरी. प्रेक्षक समजून घेतात."

"प्रेक्षकांनी किती वर्षं समजून घ्यायचं?" मी विचारलं.

माझा आवाज जरा मोठाच झाला.

"रेडिओला म्हणाला होतात ना?" मी म्हटलं. "वाचनाच्या दिवशी? चहासकट?"

बाबांनी रेडिओकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तिचं काय," ते म्हणाले. "तिचं कुठे काही..." आणि थांबले. मफलर सोडला, परत बांधला.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिला वाटलं, वाक्य अवघड आहे. "अहो, त्यात काय एवढं? असं म्हणायचं." ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "माझं चुकलं गं बाई. हं. झालं?"

कॅमेरा चालूच होता. कॅप्टन कॅमेरा कधीच बंद करत नाही, हा तिचा एकमेव अवगुण.

"आई," मी म्हटलं, "इतकं पटकन नाही म्हणायचं. थोडं जड जायला पाहिजे."

"जड? ते कसं म्हणतात?" आईने खरंच विचारलं. "मला असंच येतं."

"तू शेवटचं कधी म्हणालीस?"

"सकाळीच की. दूध उतू गेलं तेव्हा."

"पण दूध तर बाबांनी ठेवलं होतं."

"हो ना," आई म्हणाली, आणि गॅस बंद करायला आत निघून गेली.

बाबा उठले. मफलर काढून खुर्चीवर ठेवला. "माझा घसा बसलाय," ते म्हणाले. "शूटिंग बंद. विषय संपला."

पुढचे दिवस सल्ल्यांचे. सिनेमा द्यायची मुदत जवळ आलेली, आणि शेवटचा सीन नाही. सेक्रेटरीकाका म्हणाले, शेवटच बदल: मुलीला कळतं की बाप तिच्या भल्यासाठीच ओरडला, ती त्याच्या पाया पडते, संस्कारही दिसतात. मी त्यांना ‘जिन्यात खेळू नये’ फलकाची आठवण करून दिली, की तो अजून कापता येतो. ते गेले. शिवणकामवाल्या काकू म्हणाल्या, बापाला मारून टाक, मेलेल्या माणसाकडून कुणी माफीची अपेक्षा करत नाही. दातकाकांनी फारच मनापासून सुचवलं: कॅमेरा तुझ्या चेहऱ्यावर ठेव, बाप दिसतच नाही, आवाज माझा. कार्यशाळेच्या बाईंचंही म्हणणं, हे सर्रास करतात.

पण आवाज दुसऱ्याचा मला नको होता. मग रेडिओने डोकं चालवलं. इतके दिवस गप्प राहून तिच्या डोक्यात बरंच साठलं होतं.

शनिवारी दुपारी कॅप्टनच्या घरी आम्ही तिच्या ताईच्या लॅपटॉपसमोर बसलो. रेडिओने रागावण्याच्या सीनमधून बाबांचं एक वाक्य काढलं: "हे माझं घर आहे." त्यातला ‘माझं’ कापला. मग शेवटच्या सीनच्या पहिल्या टेकमधून "बाळा, तुझं चुकलं." त्यातला ‘तुझं’ उचलून फेकला आणि त्या भोकात ‘माझं’ बसवला. जरा इकडे ओढलं, जरा तिकडे. मागून पंख्याचा आवाज पसरला म्हणजे शिवण दिसत नाही.

"ऐक," रेडिओ म्हणाली.

"बाळा, माझं चुकलं," लॅपटॉपमधून बाबा म्हणाले.

बाबांचाच आवाज. बाबांचाच घसा. कॅप्टन ओरडली, रेडिओने तिला मिठी मारली, ताई आतून धावत आली. मी म्हटलं, परत लाव. "बाळा, माझं चुकलं." परत. "बाळा, माझं चुकलं." मला हवं होतं ते मिळालं होतं. हवं तितक्या वेळा मिळत होतं. बटण दाबलं की बाबा म्हणत होते; एकदाही खोकले नाहीत, पाणी मागितलं नाही.

आणि मला मुळीच काही वाटत नव्हतं. दर वेळी थोडं थोडं कमीच वाटत होतं. खोटं खोटं का होईना, असं मी म्हणाले होते ना? ते साफ चूक होतं. (बघा, किती सहज लिहिता येतं.) त्या ‘माझं’मध्ये घर ऐकू येत होतं. मालकीचं ‘माझं’ होतं ते. बाबांनी न दिलेली गोष्ट मी त्यांच्या खिशातून काढून घेत होते, आणि खिशांच्या बाबतीत आमच्या घरात आधीच पुष्कळ घोटाळा झालाय.

"पूस ते," मी म्हणाले.

"वेडी आहेस का?" दोघी एकदम.

"पूस. आणि सगळे टेक काढ. सगळे. खोकल्याचे, पाण्याचे, अभ्यास कसा चाललायचे. सगळे एकामागे एक लाव."

आम्ही ते लावले आणि बघितले. आधी रेडिओ हसून खुर्चीवरून घसरली. मग हळूहळू हसणं कमी होत गेलं. एक मोठा माणूस दारात येतो, परत जातो, परत येतो. पाणी पितो. मफलर सोडतो, बांधतो. त्याला येतच नाही. सायकल न येणाऱ्या माणसासारखा तो पुन्हा पुन्हा पाय टाकतो आणि पुन्हा पुन्हा उतरतो. मला त्याचा रागही आला आणि, खरं सांगायचं तर, जरा मायाही आली. पण राग जास्त, हे नोंदवून ठेवते. आणि सगळ्यात शेवटी, कॅमेरा चालूच होता म्हणून, हात पुसत आई येते.

कॅप्टनच म्हणाली, "हाच सिनेमा आहे."

त्या संध्याकाळी जेवताना मी चमचा ताटात ठेवला. उभी राहिले. बसून बोलले तर जुना आवाज येईल अशी भीती होती.

"आई, बाबा, मला एक सांगायचंय. विचारायचं नाहीये, सांगायचंय."

"आता काय?" बाबा म्हणाले.

"सिनेमा पूर्ण झाला. सोमवारी शाळेत देऊन टाकणार. त्यात तुमचे शेवटच्या सीनचे सगळे टेक आहेत. एकही कापलेला नाही."

बाबांचा घास हातातच राहिला. "सगळे? खोकल्याचेसुद्धा? अख्ख्या सभागृहापुढे? माझ्या ऑफिसातले दोघं आहेत पालकांत! मी परवानगी देत नाही."

"तुम्ही म्हणालात ना, घटना काल्पनिक आहे अशी सूचना टाक. टाकलीय."

"अगं, पण लोक काय..." आई म्हणाली.

"आणि सिनेमा बाबांवर संपत नाही, आई. तुझ्यावर संपतो. तू हात पुसत येतेस, ‘माझं चुकलं गं बाई’ म्हणतेस, आणि दुधाचं सांगतेस. तिथे अंधार."

आई माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट वाचता आलं नाही. ते मी याआधी कधी पाहिलं नव्हतं.

बाबांनी मात्र टेबलावर हात आपटला. "त्यात तिला कशाला घातलंस? लोकांना काय वाटेल, ही घरात दूध उतू जाऊ देते? तिचा काय संबंध? दूध मी ठेवलं होतं!"

बाबा तिथेच थांबले. स्वतःच्या तोंडातून काय निघालं ते त्यांनी ऐकलं असावं, कारण त्यांचा हात आपोआप गळ्याकडे गेला. मफलर नव्हता. बाहेर लिफ्टवाली बाई म्हणाली, "कृपया दार बंद करा."

कॅप्टन इथे नव्हती. कॅमेरा नव्हता. रेकॉर्डर बांधलेला झाडू कोपऱ्यात नुसता झाडू म्हणून उभा होता. माझ्या सगळ्या सिनेमातला सर्वात चांगला टेक, आणि तो कुणीही घेतला नव्हता.

"छान आलं बाबा," मी म्हणाले. "पण शूटिंग संपलंय. माझा निर्णय बदलणार नाही. पुढच्या शनिवारी सिनेमा आहे तसाच लागणार, आणि पहिल्या रांगेत तुमच्या दोघांच्या खुर्च्या मी धरून ठेवल्यात. तुम्हाला शेवट बदलायचा असेल, तर तो आता सिनेमात बदलता येणार नाही. घरात बदला. आणि माझ्या किल्ल्यांची घाई नाही, त्या नंतर. सुरुवात दुधापासून करा."